फरशी तेवढी माझी

गॅलरीच्या नव्या जागेत आधी मोटारींचं गॅरेज होतं. भिंतींवर पांढऱ्या रंगाचे कितीही हात दिले असले तरी ग्रीसचा वास काही जायला तयार नव्हता, आणि मला तो त्या सगळ्या समारंभातला एकमेव प्रामाणिक पाहुणा वाटत होता. मधोमध गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा होता. तो बुजवायच्या ऐवजी त्यांनी त्याच्यावर जाड काच बसवली होती आणि आत दिवा सोडला होता. येणारा जाणारा काचेपाशी थबकायचा, बुटाच्या टोकाने चाचपून बघायचा आणि वळसा घालून पुढे जायचा. मी मात्र त्या संध्याकाळी काचेवरून सारखी इकडून तिकडे जात होते. खाली पडले असते तरी चाललं असतं, पण एका जागी उभं राहणं मला जमत नव्हतं.

आले तेव्हा मी बरी होते. शाळा सुटल्यावर तशीच आले होते, पर्समध्ये खडूची भुकटी आणि तपासायचे राहिलेले पेपर घेऊन. मी शाळेत चित्रकला शिकवते. नवरा पूर्णवेळ चित्रकार आहे, म्हणजे होता; गेली काही वर्षं तो पूर्णवेळ खिडकीपाशी बसतो. गॅलरीच्या बाईंनी नव्या जागेच्या पहिल्याच प्रदर्शनासाठी जे दहा-बारा चित्रकार निवडले त्यात त्याचं नाव आलं, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. घरात एवढ्या दिवसांनी कुणीतरी शीळ घातली होती.

तर मी आत आले आणि करडा रंग शोधायला लागले. नवऱ्याची चित्रं करडी असतात. आडव्या रेघा, त्यांच्यावर आणखी आडव्या रेघा. मी उजवीकडची भिंत बघितली, डावीकडची बघितली, करडं कुठेच नाही. मग दाराच्या समोरच्या भिंतीकडे नजर गेली. ती तिथली सगळ्यात मानाची भिंत होती, कारण दारातून येणाऱ्याला आधी तीच दिसत होती. तिच्यावर एकच चित्र होतं आणि त्याच्यापुढे गर्दी होती.

ते माझं चित्र होतं.

एक लाकडी खुर्ची, आणि तिच्यावर न घडी घातलेल्या कपड्यांचा ढीग. अशी एक खुर्ची बहुतेक घरांत असते. तिच्यावर कुणी बसत नाही, कारण बसायला जागाच नसते. उद्या घड्या घालू म्हणून आपण दोरीवरचे कपडे आणून टाकतो आणि तो उद्या काही उजाडत नाही. ढिगावर सगळ्यात वर एक पिवळा टॉवेल, अर्धा घसरलेला. त्या टॉवेलने मला रडवलं होतं. त्याची एक वळी मी लावून लावून खरवडून टाकली होती आणि शेवटी ती बसली तेव्हा मागच्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

शेजारच्या पट्टीवर नवऱ्याचं नाव होतं.

हे कसं झालं ते मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. आमच्या घरात एक कायदा आहे. तो कुणी लिहिलेला नाही, लग्नानंतर आपोआप रुळला. ज्याने आपलं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं त्याने ते सोडलं. मग दुसऱ्याने ते घ्यावं, त्याच्यावर हवं ते रंगवावं. विचारायचं नाही, चर्चा करायची नाही, सांत्वन तर मुळीच करायचं नाही. सुरुवातीला आम्ही दोघंही एकमेकांची घ्यायचो. अलीकडे तोच फिरवतो आणि मी घेते. माझं खुर्चीचं चित्र त्याच्या अशाच एका सोडलेल्या करड्या चित्रावर काढलेलं होतं. समोरच्या बाजूला आम्ही दोघंही सही करत नाही, मागे लाकडी पट्टीवर नाव घालतो. त्या पट्टीवर त्याचं नाव होतं आणि मी ते खोडलं नव्हतं. परीक्षांच्या धबडग्यात चार दिवस मी मागच्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. गॅलरीची माणसं येऊन मागे त्याचं नाव आणि सांगितलेलं माप बघून हेच चित्र उचलून घेऊन गेली, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मला काय हवं होतं ते आत्ताच सांगून टाकते, उगाच आडपडदा नको. मला भिंतीवरच्या त्या पट्टीवर माझं नाव हवं होतं. पूर्वी एकदा, जुन्या जागेत, मी बाईंना माझ्या चित्रांचे फोटो दाखवले होते. त्या म्हणाल्या होत्या, "छान आहेत हं, घरगुती आहेत." आणि चहाचा कप माझ्या हातात दिला होता, धुवायला नाही, पण साधारण त्याच नजरेने. आता तेच घरगुती त्यांनी मानाच्या भिंतीवर टांगलं होतं.

"वहिनी! बघितलंस का?" नणंद धावत आली. ही माझी धाकटी नणंद. मनाने चांगली आहे, पण भावाचं नाव निघालं की तिला दुसरं काही दिसत नाही. "दादाने काय काढलंय गं! मी म्हणत नव्हते, दादा अजून संपलेला नाही? सगळे नुसते बघत बसलेत. आणि विषय बघ ना! बाईमाणसाच्या पण लक्षात येणार नाही असा विषय."

"हो का?" मी म्हणाले.

"मग! तुझ्या घरात तो ढीग रोज असतो. तुला कधी सुचलं?"

त्या ढिगातले निम्मे कपडे तिच्या दादाचे होते. बाही उलटी राहिलेला निळा शर्ट तर सरळ सरळ त्याचाच. तो बाही सरळ न करता शर्ट काढतो, लग्नापासून.

"दादा कुठेय?" मी विचारलं.

"असेल इथेच. लाजतोय. सगळे त्याला शोधतायत."

मीही शोधायला लागले. काचेवरून पलीकडे, काचेवरून अलीकडे. एका खांबापाशी एक दाढीवाला समीक्षक चार जणांना समजावत होता की हा ढीग म्हणजे स्मृती, आणि खुर्ची म्हणजे अनुपस्थिती. एवढी वर्षं करड्या रेघा ओढणाऱ्या माणसाने अचानक वस्तूंकडे वळावं यात किती धाडस आहे, असंही तो म्हणाला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींपैकी एकही नीट येत नव्हतं. खरी गोष्ट अशी की मला ते सगळं ऐकत राहावंसं वाटत होतं. माझ्या चित्राबद्दल इतकं कुणी कधी बोललंच नव्हतं. चुकीचं बोलत होता, पण तासभर बोलला असता तरी मी उभी राहिले असते. नाही, उभी राहिले नसते. येरझाऱ्या घालत ऐकलं असतं.

नवरा मागच्या बाजूला, हात धुवायच्या जागेपाशी सापडला. नळाखाली हात धरून उभा होता. हाताला काही लागलेलं नव्हतं.

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"सकाळी. टांगताना."

"टांगताना? तू इथे होतास?"

"बाईंनी बोलावलं होतं, उंची ठरवायला. मी आलो तोवर भिंतीवर चढलंच होतं."

"मग तू काय केलंस?"

त्याने नळ बंद केला. "डावी बाजू जरा वर घ्या म्हणालो. वाकडं लागत होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फोन करता येत नव्हता मला?"

"शाळेत होतीस."

"शाळेत मला फोन येतात. परवा टॉवेल सापडत नाही म्हणून तूच केला होतास!"

त्याने रुमाल शोधत दोन्ही खिसे चाचपले, सापडला नाही, मग हात शर्टाला पुसले. तो नेहमीच शर्टाला पुसतो.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "पट्टी लागली, मग मी मागे सरकून बघितलं. वाटलं, हे आपलं असतं तर. मग एकेक जण येऊन बोलायला लागला आणि मी तसाच राहिलो. बरं वाटलं गं. किती दिवसांनी बरं वाटलं."

तो खोटं बोलला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण हा माणूस खरं बोलतो आणि तेही इतक्या मऊ आवाजात, की भांडणारीच्या हातात काही उरत नाही. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. त्याला बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं माझ्या टॉवेलचं होतं.

"आता काय करणार आहेस?"

"सांगतो."

"कधी? प्रदर्शन संपल्यावर?"

तेवढ्यात बाईंचा आवाज आला. प्रत्येक चित्रकाराने आपापल्या चित्रापाशी उभं राहून दोन वाक्यं बोलायची होती. नवरा माझ्याकडे न बघता गेला, आणि मी त्याच्या पाठोपाठ.

दोन वाक्यं म्हणून सांगितलेली. घरात ज्यांच्या तोंडून एक शब्द बाहेर पडत नाही अशी माणसं हातात माइक आला की सुटतात. एक शिल्पकार आपल्या लहानपणापासून निघाला तो प्राथमिक शाळा ओलांडेना. एका मुलीने फक्त "धन्यवाद" म्हटलं आणि तिला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या. मी काचेच्या एका टोकाला उभी राहिले, मग दुसऱ्या टोकाला गेले, मग परत. खाली दिव्याच्या उजेडात गॅरेजच्या जुन्या पायऱ्या दिसत होत्या.

शेवटी सगळी गर्दी मानाच्या भिंतीपाशी आली. बाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हे आजचं माझं सगळ्यात आवडतं काम," त्या म्हणाल्या. "बोला."

त्याने माइक तोंडापासून फार लांब धरला. "यातली फरशी तेवढी माझी," तो म्हणाला. "खुर्चीच्या खालचं ते करडं. बाकी सगळं हिचं आहे."

आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

मग सगळे हसले. काय गोड हसले! बाईंनी हात छातीशी जोडले. "बघा! असे नवरे मिळतात का हल्ली!" टाळ्या पडल्या. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा पहिल्यापासून असाच," ती शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "स्वतःकडे काही घेणारच नाही."

"नाही, नाही," नवरा म्हणाला, "मी खरंच सांगतोय. हिनेच काढलंय. चुकून इथे आलं."

"अहो, कळलं आम्हाला," बाई म्हणाल्या. "घरच्या माणसाचा हात प्रत्येक चित्रात असतोच. चला, पुढचं काम बघू या."

लोक पुढे सरकायला लागले. एक बाई जाताजाता माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "नशीबवान आहात हो." नवरा माइक हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याने सांगितलं होतं. त्याच्यापरीने पूर्ण सांगितलं होतं. आवाज चढवणं त्याला जन्मात जमलेलं नाही, आणि चढवला असता तरी काय, लोकांनी आणखी टाळ्या दिल्या असत्या. चित्र उतरवून मागची बाजू दाखवायची सोय नव्हती, कारण मागे त्याचंच नाव. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ही मंडळी निघाली होती आणि मी नशीबवान होते.

मग मला टॉवेल आठवला.

तो पिवळा मी जाड लावला होता. सुरीने, ब्रशने नाही. तेलरंग असा जाड लावला की वरून वाळतो, दुधावर साय धरावी तसा, आणि आत कितीतरी दिवस ओला राहतो. कुठे पातळ आहे, कुठे जाड आहे, कुठे बोट लावलं तर चालेल आणि कुठे आत जाईल, हे लावणाऱ्यालाच ठाऊक असतं. घसरलेल्या टोकाकडे, ती वळी होती तिथे, रंग सगळ्यात जाड होता. ती अजून ओली असणार.

मी पुढे गेले. कुणी अडवलं नाही, मी कुणाच्या खिजगणतीत नव्हतेच. अंगठ्याचं नख मी टॉवेलच्या त्या वळीत रुतवलं. साय फाटली. आतून ओला, चकचकीत पिवळा वर आला. मी माझं नाव लिहायला सुरुवात केली.

"ओ बाई! हात लावायचा नाही!" दारावरचा पहारेकरी धावला. कुणीतरी किंचाळलं. नणंद "वहिनी, वहिनी, काय करतेस!" म्हणत मागून पदर ओढावा तशी माझी पर्स ओढत होती. पेपर खाली पडले. नवरा पहारेकऱ्याच्या आडवा आला. "असू दे," तो म्हणाला, "तिचंच आहे."

"कुणाचं का असेना," पहारेकरी म्हणाला, "हात लावायचा नाही म्हणजे नाही."

तोवर माझं नाव लिहून झालं होतं. वाकडं झालं, शेवटचं अक्षर खाली उतरलं. पण पूर्ण झालं.

बाई परत आल्या. त्यांचा चेहरा त्यांच्या भिंतींसारखा पांढरा पडला होता. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग माझ्या अंगठ्याकडे. नखात पिवळा भरला होता.

"हे ओलं आहे?" त्यांनी विचारलं. मला नाही, नवऱ्याला.

"मला माहीत नाही," नवरा म्हणाला. "तिला विचारा."

"वरून वाळलंय," मी म्हणाले. "टॉवेल आतून ओला आहे, आणखी महिनाभर तरी राहील. शर्ट वाळलाय, तो पातळ लावलाय. खुर्चीचा पाय वाळलाय. उलट्या बाहीवर हात ठेवू नका, तिथेही जाड आहे. सकाळी ज्यांनी टांगलं त्यांचं नशीब की कडेने धरलं."

बाईंनी हळूच करंगळीचं टोक बाहीला लावलं. रंग दबला. त्यांनी हात मागे घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. चहाचा कप देताना बघितलं होतं तसं नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे मला आवडलं. दाढीवाला समीक्षक घसा खाकरून म्हणाला, की सही अशी वळीच्या आत येणं हा सुद्धा रचनेचाच भाग धरता येईल. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. बाईंनी नखाने भिंतीवरची पट्टी सोलून काढली आणि चुरगळून मुठीत धरली. "उद्या सकाळी नवी लावते," त्या म्हणाल्या. "तुमचं पूर्ण नाव मला लिहून द्या."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मी चित्राकडे बघितलं. ती वळी मोडली होती. सगळ्या चित्रात जी एक गोष्ट मला मनासारखी जमली होती ती माझ्याच नखाने फाटली होती, आणि तिच्या जागी माझं नाव होतं. मी पुन्हा तसंच केलं असतं का? केलं असतं. पण म्हणून वळीचं वाईट वाटायचं काही थांबलं नाही.

"मग तुमचं चित्र कुठेय?" बाईंनी नवऱ्याला विचारलं. गॅलरी चालवणाऱ्या बाईला भिंत रिकामी चालत नाही. "ते पाठवून द्या उद्या. बाजूच्या भिंतीवर जागा करते."

"घरी आहे," तो म्हणाला. "भिंतीकडे तोंड करून ठेवलंय."

बाईंनी मान डोलावली. नीट झाकून ठेवलंय असं त्यांना वाटलं असणार. मला मात्र त्याचा अर्थ कळला. या प्रदर्शनासाठी तो वर्षभर, खिडकीपासून उठून उठून, त्या एका चित्रावर खपला होता. रात्री जेवताना मध्येच उठून जायचा, एक रेघ ओढून परत यायचा, आणि भात गार झाला म्हणून माझ्याकडेच बघायचा.

"कुणी फिरवलं?" मी विचारलं.

"मीच. दुपारी कपडे बदलायला घरी गेलो होतो तेव्हा." तो खाली वाकून माझे पेपर गोळा करत होता. "हे इथे बघून गेलो आणि तिथे ते बघितलं. तू घे. मोठं आहे, कापड चांगलं आहे."

माझा राग संपलेला नव्हता. दिवसभर तो माझ्या चित्रापुढे आपलं म्हणून उभा राहिला होता आणि हे मी त्याला बरेच दिवस ऐकवणार होते. पण त्या क्षणी मला एकच गोष्ट दिसत होती: मागची खोली, आणि तिच्यात त्याचं ते चित्र, आमच्याकडे पाठ करून.

"मला नको," मी म्हणाले.

"कायदा आहे," तो म्हणाला.

"खड्ड्यात गेला कायदा. मी घेणार नाही. घरी जाऊन आधी ते सरळ कर."

"उद्या करतो."

"आत्ता. चल."

मी पेपर त्याच्या हातातून हिसकावले आणि निघाले. तो मागे येतोय की नाही हे बघायला वळले नाही. काचेवर त्याच्या चपलांचा आवाज आला. मागून नणंद ओरडत होती, "वहिनी! दादा! अरे, फोटो राहिलेत!" अंगठा अजून पिवळा होता. पुसायला मी थांबले नाही, आणि वरच्या पेपरावर त्याचा डाग उमटला.